ऐंशी टनांतलं पाणी

गेल्या फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका गोठ्यात चार वर्षांची संकरित गाय मान टाकून उभी होती. डाव्या भकाळीवर मूठ दाबली की आत पखालीसारखं पाणी हिंदकळायचं. रवंथ बंद, शेण पातळ आणि त्याला आंबूस वास. गव्हाणीत पिवळट कंदांच्या फोडी तशाच पडल्या होत्या. मालकाने आदल्या दिवशी पहिल्यांदाच चारा बीट घातलं होतं, पाट्या भरून, एका गाईला ४० किलोच्या आसपास. "एकरी ऐंशी टन निघतंय म्हणून लावलं, डॉक्टर. बीट तर माणसं बी खात्यात, जनावराला कसं बाधंल?"

गाय चार दिवसांत सावरली. संपादकांनी चाऱ्यावर लेख मागितला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा प्रश्न. मोबाइलवरच्या चित्रफितींत चारा बीट 'दूध वाढवणारा कंद' म्हणून फिरतं. त्या पाहून शेतकरी बियाणं मागवतात, आणि खाऊ कसं घालायचं ते कोणीच सांगत नाही.

चारा बीट, साखरेचं बीट आणि कोशिंबिरीतलं लाल बीट ही एकाच जातीची भावंडं. त्यांचा रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावर वाढतो, म्हणून खारं पाणी हे पीक सहन करतं. १७४७ मध्ये बर्लिनच्या मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटात उसासारखीच साखर असल्याचं दाखवलं. पुढे जनावरांच्या पांढऱ्या बीटातूनच निवड करत साखरेचं बीट घडलं. म्हणजे साखर कारखान्याच्या आधी बीट गोठ्यात होतं.

भारतात त्याची खरी कसोटी लागली ती थारच्या वाळवंटात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने, म्हणजे 'काझरी'ने, पश्चिम राजस्थानात ते रब्बीत घेऊन पाहिलं. तिथे विहिरींचं पाणी मचूळ आणि हिरवा चारा दुर्मीळ. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरीच्या वरंब्यावर पेरलेलं बीट चार महिन्यांत, ओलिताखाली आणि सगळं जमून आलं तर, हेक्टरी २०० टनांवर गेलं. एकरी ऐंशी टन हा आकडा इथून आला. कंदाचा बराचसा भाग जमिनीच्या वर राहतो, त्यामुळे तो हाताने उपटता येतो. रोज लागेल तेवढंच काढायचं. युरोपच्या थंडीत बीट महिनोन्महिने ढीग घालून टिकतं, आपल्या उन्हात काढलेला कंद तीन-चार दिवसांत उतरतो. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनींच्या मालकांनी या पिकाकडे जरूर पाहावं. बियाण्याची अडचण मात्र आहेच. थंडीचा पुरेसा कडाका मिळाल्याशिवाय बीट फुलोऱ्यावर येत नाही, त्यामुळे घरचं बी धरता येत नाही. शिवाय अनेक वाणांत बीटाचं एक 'बी' म्हणजे बियांचा गुच्छ असतो. त्यातून तीन-चार रोपं एकत्र उगवतात. विरळणी चुकवली की कंद बोटाएवढे राहतात.

आता ऐंशी टनांकडे येऊ. यावरून मी अनेक मेळाव्यांत वाद घातला आहे आणि पुढेही घालणार आहे. कंदात शंभरातले ८० ते ९० भाग पाणी असतं. उरतो तो कोरडा अंश, आणि गाईचं पोट तेवढ्यावरच भरतं. कोरडा अंश १३ टक्के धरला तर ऐंशी टनांत चारा उरतो जेमतेम साडेदहा टन. एकरी २० टन मका मुरघासाला घेतला आणि त्यात ३० टक्के कोरडा अंश असला, तर सहा टन मिळतात. बीट पुढे आहे, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण वजनाच्या आकड्यात ते मक्याच्या चौपट दिसतं आणि गव्हाणीत दुपटीलाही पोचत नाही. विक्रीतही हीच गोम आहे. आयर्लंडमध्ये बीट टनावर विकतात. धुतलेल्या मालाला जास्त भाव, कारण न धुतलेल्याबरोबर माती तोलली जाते. पण पाणी कशानेच धुऊन निघत नाही. एका वाणात कोरडा अंश दहा-बारा टक्के, दुसऱ्यात वीसच्या घरात. त्याच भावाच्या टनात एकाला जवळपास दुप्पट चारा मिळतो.

आणि या कोरड्या अंशात निम्म्याहून जास्त साखर. सोलापूरच्या गाईने ४० किलो बीट खाल्लं म्हणजे तीन किलोच्या आसपास साखर खाल्ली. कोठीपोटातले जंतू कडबा पचवायला सरावलेले असतात. एवढी साखर एकदम आली की आम्ल करणारे जंतू माजतात आणि पोटाचा सामू साडेपाचाच्या खाली घसरतो. अस्तर सुजतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, गाय कोलमडते. न्यूझीलंडच्या साउथलंड आणि कँटरबरीत हिवाळ्यात हजारो गाई उभ्या बीटाच्या रानात चरतात. तिथेही सुरुवात रोज एका किलो कोरड्या अंशाने होते. आधी पेंढा किंवा मुरघास देतात, विजेच्या तारेचं कुंपण रोज थोडंच सरकवतात, आणि पूर्ण मात्रेला यायला दोन-तीन आठवडे घेतात.

आपल्याकडेही तेच करावं. पहिल्या दिवशी चार-पाच किलो, फोडी करून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून. तीन आठवड्यांत दुभत्या गाईला १५ ते २० किलोंवर आणून तिथेच थांबावं. कंदात प्रथिनं आणि स्फुरद कमी, तेव्हा पेंड आणि खनिज मिश्रण सुटत नाही. पाल्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. उसाचे वाढे त्याच दोषाचे. वाढे आणि बीटाचा पाला एकाच दावणीत घालू नयेत. दूध लाल होईल का, हेही लोक विचारतात. होत नाही.

त्या दिवशी निघण्यापूर्वी गव्हाणीतल्या फोडी काढून आम्ही काट्यावर एक किलो तोलल्या, बारीक चिरून गोठ्याच्या पत्र्यावर पसरल्या. वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि कळवा, एवढं मालकाला सांगितलं. आठवड्याने त्यांचा फोन आला. "एकशे तीस ग्रॅम राहिलं, डॉक्टर. दोनदा तोललं." थोडं थांबून ते म्हणाले, "यंदा दोनच गुंठे लावतो. पण काटा आता गव्हाणीपाशीच टांगलाय."