एकाच रुग्णासाठी, एकच नग

शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीच्या कामात हयात गेलेल्या माझ्यासारख्याच्या कपाळावर परवाना म्हटलं की आठी पडते. 2021 साली म्युकरमायकोसिसमुळे महाराष्ट्रात कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला, तेव्हा तर मी चारचौघांत ठासून सांगायचो : सीटी स्कॅनवरून त्या-त्या माणसाच्या मापाचा टायटॅनियमचा जबडा थ्रीडी प्रिंटिंगने बनतो, मग मधे कागदपत्रं कशाला? वैद्यकीय उपकरण नियम, 2017 मध्ये डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीवरून, त्यांच्या जबाबदारीवर, एकाच रुग्णासाठी बनणाऱ्या उपकरणाची वेगळी व्याख्या आहे. ती वाट आणखी रुंद करा, असं माझं म्हणणं होतं.

आता मी तसं म्हणत नाही. ही छपाई कशी चालते ते खोलात जाऊन पाहिलं आणि मत फिरलं.

आमच्याकडे हीटबरोबर, म्हणजे भट्टीत एकदा वितळवलेल्या धातूबरोबर, टेस्ट बार ओततात आणि तो मशीनवर तोडून बघतात. शंका आली तर लॉटमधला एखादा नग कापायचा; आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाला की लॉट रिजेक्ट. छपाईत टायटॅनियमच्या पावडरीचा केसाहून पातळ थर पसरतो, लेझर तो हवा तिथे वितळवतो, मग पुढचा थर. एखाद्या ठिकाणी थर नीट वितळला नाही तर पोकळी आतच राहते, आणि रोजच्या चावण्याच्या ताणाने तडा तिथूनच जातो. उरलेली पावडर पुन्हा वापरतात, तसा तिच्यातला ऑक्सिजन वाढत जाऊ शकतो. रोपणासाठीच्या ईएलआय या जास्त शुद्ध प्रतीत त्याची मर्यादा 0.13 टक्के, ती ओलांडली की धातू ठिसूळपणाकडे झुकतो. हाड धरावं म्हणून ठेवलेल्या बारीक जाळीत सुटी पावडर अडकते, ती वेगळीच काळजी.

आणि नग एकच. तो कापला तर रुग्णाला बसवायचं काय? चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना आकार कळतो, पण पावडर कितव्यांदा वापरली हे त्यांना कोण सांगणार?

आणि बसवलेला नग पुढे सदोष निघाला, तर माग कसा काढणार? डेप्यू कंपनीचा एएसआर हा कृत्रिम खुबा काही छापलेला नव्हता, लॉटने बनायचा. 2010 मध्ये तो जगभरातून परत मागवला, तेव्हा भारतातल्या अनेक रुग्णांचा पत्तासुद्धा लागला नाही.

म्हणून माझं आजचं मागणं असं : सवलत आकाराला द्या, प्रक्रियेला नको. पावडर, यंत्र, उष्णोपचार, सफाई यांची तपासणी आणि परवाना हवाच. प्रत्येक छपाईसोबत टेस्ट बार छापून तोडावा, पावडरीचा लॉट नंबर रुग्णाच्या फाइलमध्ये जावा. याने खर्च वाढेल, जबड्याविना पातळ पेजेवर दिवस काढणाऱ्याला आणखी थांबावं लागेल. ते मला बोचतं, तरीही मी हेच मागतो.