पत कोणाच्या वहीत?

मंडळी, ‘पत’ हा आपल्याकडचा जुना शब्द. आमच्या मुरुडच्या बाजारात ती वाण्याच्या वहीत असायची. आकडा चुकला तर दुकानाच्या पायरीवर उभं राहून “शेठ, हा माझा नाही” म्हणता यायचं, आणि शेठ तिथल्या तिथे खोडायचे. आता आपली वही चार कंपन्यांकडे असते: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. ३०० ते ९०० मधला एक आकडा ठरतो, आणि कर्ज मागायला गेलं की बँक आधी तो बघते.

श्रीवर्धनच्या माझ्या भाच्याचं सांगतो. त्याची सुपारीची वाडी, आणि माल न्यायला कर्जावर घेतलेला टेंपो. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं आणि वाडी आडवी झाली. टाळेबंदीमुळे रिझर्व्ह बँकेनं तेव्हा मार्च ते ऑगस्ट २०२० चे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. ही सवलत घेतली म्हणून कुणाची थकबाकीदार अशी नोंद करायची नाही, हेही स्पष्ट सांगितलं होतं. भाच्यानं सवलत मागितली, बँकेनं दिली. सप्टेंबरपासून त्यानं एकही हप्ता चुकवला नाही.

२०२२ साली लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी तो दुसऱ्या बँकेत गेला. उत्तर आलं, “तुमचं सिबिल खराब आहे.” अहवाल काढला तर सवलतीच्या महिन्यांपुढे थकलेले दिवस लिहिलेले: ३०, ६०, ९०! मला फोनवर म्हणाला, “मामा, वाडी पडली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. हे म्हणजे लबाड ठरवल्यासारखं झालं.”

सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली: कोणतं खातं, कोणते महिने, काय चुकलंय. उत्तर आलं की बँकेच्या म्हणण्यानुसार माहिती बरोबर आहे. पुष्कळ जण इथेच हात टेकतात. पण खरी मेख अशी की सिबिल ही नुसती वही. तिला आपणहून आकडा बदलता येत नाही. लिहिते बँक, आणि खोडायचं तरी तिनंच कळवायला हवं. म्हणून सवलत मंजूर झाल्याचा मेसेज आणि खातेउतारा जोडून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दिला, पोच घेतली. महिन्याभरानं ते आकडे गेले, कर्जही मिळालं. पण फी भरायची तारीख त्याआधीच येऊन गेली होती. तेवढ्यासाठी सूनबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. त्याचं व्याज कुणी भरून दिलं नाही.

आता थोडी सुधारणा आहे. एप्रिल २०२४ पासून अशी तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. शिवाय या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल आपल्याला फुकट द्यायचा असतो.

आमच्या शाळेत निकालानंतर गुणपडताळणीचे अर्ज यायचे. मुलं ते भीत भीत द्यायची. मी सांगायचो, अरे, ही विनवणी नाही. तपासणाराही माणूस असतो, म्हणून तर बोर्डानंच हा अर्ज ठेवलाय. पतीच्या बाबतीतही तसंच, म्हणजे बायकोच्या ‘पती’च्या नव्हे हो!

तेव्हा मंडळी, कर्ज फिटलं की बेबाकी दाखला घ्या, बँकेचे मेसेज पुसू नका, आणि अहवाल वर्षाकाठी एकदा बघा. गरज दारात येऊन उभी राहिल्यावर बघू नका. बरोबर आकड्यासाठी भांडायला लाज कसली?

असो. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. पाटल्याही सुटल्या.