बसून मिळालेलं चालतं

परवा शनिवारी मित्राकडे गेलो होतो, न्यू जर्सीत. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे त्याची नोकरी सुटली, आता सोशल सिक्युरिटीची डिसॅबिलिटी, म्हणजे एसएसडीआय, मिळते. चहा पिताना म्हणाला, "अरे, कोपऱ्यावरचा दुकानदार हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळ म्हणतोय. महिन्याला सहाशे डॉलर. मी नको म्हटलं. चेक बंद झाला तर?" वर शेअर्ससुद्धा विकायला निघाला होता. डिव्हिडंड दिसला तर पंचाईत, म्हणून!

ज्याने मला पॉइंटर्स शिकवले तो माणूस असा घाबरलेला बघून कसंतरीच झालं. म्हटलं चल, नियम वाचू. दुसऱ्याचा जुना कोड वाचतात तसे वाचले.

तर भानगड अशी. एसएसडीआय हा एक प्रकारचा विमा. नोकरीत असताना पगारातून कापलेल्या करावर मिळालेला. त्यामुळे व्याज, डिव्हिडंड, शेअर विकून झालेला नफा धरतच नाहीत. प्रश्न फक्त कामाचा. स्वतःच्या धंद्यात एखाद्या महिन्यात खर्च वजा जाता 1160 डॉलरपेक्षा जास्त सुटले (हा 2025 चा आकडा) किंवा 80 तासांपेक्षा जास्त काम झालं, तर तो 'ट्रायल'चा महिना. 60 महिन्यांत असे 9 महिने भरेपर्यंत चेक पूर्ण येतो. त्यानंतर खरी तपासणी. आमचे सहाशे डॉलर आणि दहा-बारा तास ट्रायलमध्येसुद्धा बसत नव्हते. मात्र काम केलं की कळवायचं. लपवाछपवी केली तर मागचे पैसे परत मागतात.

मग याने वाचलं काय होतं? एसएसआयचे नियम! नाव जवळपास तेच, योजना वेगळी. ती गरजूंसाठी. तिथे एकट्या माणसाकडे 2000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, आणि ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही.

म्हणजे एसएसडीआयवर बसून लाख मिळाले तरी कुणी विचारत नाही, हातांनी कमावलं की घड्याळ लावून बसतात. आजारी माणसाला मात्र नेमकं तेच हवं असतं, आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी आहोत हे.

"तू म्हणतोस रे, पण पत्र आलं तर?" निघताना त्याने परत विचारलंच. भीती काय आकड्यांनी जात नाही.

रात्री दीडला मेल आली. 'दुकानदाराला हो कळवलंय. तास मांडायला एक्सेल शीट केलीये. एक फॉर्म्युला चुकतोय, बघ जरा.'

फॉर्म्युला बरोबर होता. तरी बघितला.