सेनेका, प्लिनी आणि आपली तेरणा

लातूर,
महालक्ष्म्या उठल्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं. नांदेडला खोली मिळाली आणि मेसचं जेवण मानवतंय, हे वाचून तुझी आई निवांत झाली. मी मात्र शेवटच्या ओळींवर थांबलो. एम.ए.च्या प्रबंधासाठी सर रोमचा विषय सुचवतायत, पण "त्या लोकांचा आणि मराठवाड्याचा काय संबंध?" असं तू विचारलंयस. संबंध आहे, आणि तो तेरणेच्या काठाने जातो.

तेर तुला गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे. त्याचंच जुनं नाव तगर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्याने अरबी समुद्राच्या किनाऱ्यांची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. त्यात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. इथलं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून वाईट रस्त्यांनी भडोचला जायची आणि तिथून जहाजांत चढायची. (रस्त्यांबद्दलची त्याची तक्रार वाचताना मला हसू आवरत नाही.) तगर म्हणजे तेर, हे 1901 साली फ्लीट यांनी दाखवून दिलं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

हे सारं कुठल्याही पुस्तकात मिळेल, आणि पुष्कळ जण तेवढ्यावरच खूश होतात. "आपला माल रोमला जात होता" म्हणून छाती फुगवली की संपलं. मला त्या पाँपेईचंच पुढे काय झालं, यात जास्त रस आहे.

व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पाँपेई गाडलं ते इ.स. 79 मध्ये. त्याच्या सतरा वर्षं आधी, फेब्रुवारीत, तिथे मोठा भूकंप झाला होता. सम्राट नीरोचा गुरू, तत्त्वज्ञ सेनेका तेव्हा हयात होता. निसर्गावरच्या त्याच्या ग्रंथाचा सहावा भाग या भूकंपापासूनच सुरू होतो. तो लिहिलाय लुसिलियस या मित्राला उद्देशून, आणि पाँपेई हे लुसिलियसच्या जिव्हाळ्याचं गाव. सेनेका सांगतो की हिवाळ्यात भूकंपाची भीती नाही, अशी जुन्या लोकांची खात्री होती. तरी तो भर हिवाळ्यात झाला. सहाशे मेंढ्यांचा कळप मेला, पुतळे दुभंगले, काही माणसं भ्रमिष्टासारखी भटकत राहिली. पाँपेईचा तो प्रदेश, कांपानिया, सोडून निघालेल्यांना तो विचारतो: दुसरीकडची जमीन याहून भक्कम आहे, याचा भरवसा तुम्हाला कुणी दिला?

ताई, हे वाक्य लातूरच्या माणसाने वाचावं. आपल्याकडेही खात्री होतीच. दख्खनचा कातळ हलत नाही म्हणत. भूकंपाच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. 1992 मध्ये किल्लारीला धक्के बसले, तरी लोक राहिले. जाणार कुठे? आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारच्या आधी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलेलं असताना जमीन हलली. आठ ते दहा हजार माणसं गेली. मग माकणीच्या धरणाच्या पाण्याने भूकंप झाला का, यावर वाद झडले. जमिनीखाली कोंडलेल्या वाऱ्याने भूकंप होतो, असं सेनेका मानायचा. त्याला हसू नकोस. कारण कळलं की भीती उतरते, हा त्याचा मुद्दा मला आजही पटतो.

पुढे मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. तो म्हणतो, दगडाखाली मेलो काय आणि आख्ख्या डोंगराखाली मेलो काय, मरण तेच. त्यामुळे भूकंपाला वेगळं घाबरण्याचं कारण नाही. हे ऐकायला भारदस्त आहे. पण किल्लारीत, सास्तूरला माणसं मेली ती भिंतींनी. गोल दगड मातीत बसवलेल्या जाडजूड भिंती, दोन थरांना एकत्र बांधणारा लांब दगड नाही, आणि वर माळवदावर फूट-दोन फूट माती. हादरा बसताच भिंत पोटातून फुगली आणि माळवद खाली आलं. कुडाच्या झोपडीत निजलेली गरीब माणसं पुष्कळ ठिकाणी वाचली, आणि दगडी घराचा अभिमान बाळगणारी गाडली गेली. मरण सारखंच असेल. पण ते कुणाला आणि कशाने येतं, हे काही दैवावर सोडायची गोष्ट नाही. अफाट श्रीमंत सेनेकाने गवंड्याकडे एकदा तरी पाहायला हवं होतं.

ते पाहिलं रोमन लेखक थोरल्या प्लिनीने. त्याच्या ‘नॅचरल हिस्टरी’त भूकंपात इमारतीचा कोणता भाग टिकतो याची नोंद आहे: कमानी आणि भिंतींचे कोपरे. मातीच्या विटांच्या भिंतींचं नुकसान कमी होतं, असंही तो लिहितो. आणि गंमत बघ, हिंदुस्थान दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, म्हणून कुरकुर करणाराही हाच. त्या रकमेत तेरच्या कापडाचे चार पैसे असणारच. 79 साली व्हेसुव्हियस फुटला तेव्हा तो मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता. लोकांना सोडवायला गलबतं घेऊन गेला आणि स्टाबियाच्या किनाऱ्यावर मेला. विचारांच्या खोलीत सेनेकाची सर त्याला नाही, पण मी त्याच्या बाजूचा आहे.

तेव्हा सरांना हो म्हणून टाक. ‘रोमचा वैभवशाली व्यापार’ असला विषय घेऊ नकोस, त्यावर ढीगभर लिहून झालंय. भूकंपाबद्दल सेनेका आणि प्लिनी काय म्हणतात ते घे आणि शेवटचं प्रकरण किल्लारीवर कर. दिवाळीला आलीस की आधी तेरला जाऊ, मग जुन्या किल्लारीला. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना भिंतींबद्दल विचार, आणि वही जाड आण.

तुझा,
मामा