जटायूच्या मुलखात

इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे. रावणाने पंख छाटलेला जटायू इथे पडला आणि त्याच्या तोंडी पाणी घालायला रामाने सगळी तीर्थं इथे बोलावली, अशी आमच्याकडची श्रद्धा. देवाने एका पाखराची उत्तरक्रिया पोटच्या पोराने करावी तशी केली, ही गोष्ट ज्या मुलखात घरोघर सांगतात, त्याच मुलखातून गिधाडं गेली आणि कुणी सुतक धरलं नाही. मला ते अजून सलतं.

माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. ओढ्यापलीकडे हाडकी होती. मेलेलं जनावर तिथे नेऊन टाकत. कातडं सोलून माणसं परतली, की मोकळ्या आभाळात एक ठिपका दिसायचा, मग दुसरा, आणि बघता बघता घिरट्यांचं रिंगण व्हायचं. उतरताना त्यांच्या पंखांचा आवाज कुणी ताडपत्री झटकावी तसा यायचा. फिस्कारणं, ढकलाढकली, उघड्या माना आत-बाहेर. दिवस कलायच्या आत बैलाचा नुसता सांगाडा उरायचा. तुडुंब जेवलेल्या गिधाडांना चटकन उडता येत नसे. पंख पसरून ती धावत सुटायची आणि आम्ही पोरं त्यांच्या मागे. आजोबा बांधावरून ओरडायचे, "त्यांच्या वाटेला जाऊ नका रे! गावाची घाण निस्तरतात ते."

ती कधी यायची थांबली, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. कावळे होते, घारी होत्या. हाडकीवर कुत्री वाढली, वास दिवसचे दिवस रेंगाळू लागला, तेव्हा कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं.

कुणी बंदूक चालवली नव्हती. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी गिधाडांची घटती संख्या टिपली, आणि मग देशभर तीच कथा निघाली. कारण मात्र 2004 साली उलगडलं. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली आणि डायक्लोफिनॅक सापडलं. गाय बसली, बैलाचा पाय सुजला, की हेच इंजेक्शन दिलं जायचं. स्वस्त, आणि गुण लगेच. ते जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं, तर औषध मांसातून गिधाडाच्या पोटात जाई. मूत्रपिंड निकामी होई, युरिक आम्लाचा पांढरा थर आतड्या-काळजावर चढे, आणि पक्षी मान टाकून बसून राही. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटली. ही आंब्या-अर्जुनाच्या झाडांवर घरटी करायची.

आजोबा दुखऱ्या बैलापाशी रात्रभर बसायचे. वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायचे, त्याच्याशी बोलायचे. सुई टोचल्यावर सकाळी तो उठून वैरणीला तोंड लावायचा, तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. या मायेवर मी रागवू कसा? कारण कळायच्या आधीच ते गेले. ते असते, तरी मला त्यांना हे सांगवलं नसतं.

राग येतो तो पुढच्या वर्षांचा. 2006 मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झालं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या. त्या आवरायला 2015 उजाडलं. सगळं माहीत असूनही नऊ वर्षं गेली. ज्या पक्ष्यांची एकेक जोडी मोलाची झाली होती, त्यांच्यासाठी ही वर्षं फार मोठी होती.

अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं अजून आहेत. कपारींखालच्या विष्ठेच्या पांढऱ्या ओघळांवरून घरटी ओळखता येतात. हरसूलकडे खोरीपाड्याला वनविभाग आणि गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली. तिथल्या आदिवासी पाड्यांनी जे जपलं, ते आम्हा सधन बागायतदारांना जमलं नाही, हे मला स्वच्छ दिसतं.

जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं जातात. या गतीने ओढ्यापलीकडे ती माझ्या हयातीत उतरायची नाहीत. मामेभाऊ मात्र गुरांच्या डॉक्टरांकडे मेलोक्झिकॅमच मागतो. बैलालाही त्याने आराम पडतो, आणि गिधाडालाही ते बाधत नाही.