दोन किल्ल्या

२००१ च्या सुमारास जेम्स योनान हा संगणकतज्ज्ञ मध्य आशियात प्रवास करीत होता. काम चालू ठेवायचे, तर इंटरनेटने दूरच्या यंत्रांशी जोडलेले राहणे भाग होते आणि ती वाट परक्या देशांतील कंपन्यांच्या तारांमधून जात होती. वाटेत कोण काय वाचील, याचा नेम नव्हता. त्या अस्वस्थतेतून त्याने ओपनव्हीपीएन ही प्रणाली लिहिली आणि ती सर्वांसाठी खुली केली.

व्हीपीएन म्हणजे आभासी खाजगी जाळे. संदेश उघड्या पोस्टकार्डावर न लिहिता बंद लखोट्यात घालून दुसऱ्या टोकाच्या यंत्राकडे धाडायचा. तेथे लखोटा फुटतो आणि संदेश पुढे जातो. वाटेवरच्याला लखोटा दिसतो, तो कोठे चालला तेही दिसते. आतले अक्षर मात्र दिसत नाही.

लिनक्सवर आता यासाठी वायरगार्डही आहे. जेसन डोनेनफेल्ड याने रचलेली ही प्रणाली मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच, ५.६ या आवृत्तीत, सामावली गेली. तिचा मूळ मजकूर सुमारे ४,००० ओळींचा. जाणत्या माणसाने बसून वाचून काढावा, एवढाच. सुरक्षिततेच्या साधनाला हा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

जोडणीसाठी प्रत्येक यंत्रावर ४४ अक्षरी किल्ल्यांची एक जोडी तयार करतात. सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची. खाजगी किल्ली यंत्राबाहेर जाऊ द्यायची नाही. मग एका छोट्या फाइलीत आपली खाजगी किल्ली, समोरच्याची सार्वजनिक किल्ली, दोघांचे पत्ते आणि कोणती वाहतूक या वाटेने न्यायची ते लिहायचे. ती फाइल मुख्य वापरकर्त्यावाचून कोणालाही वाचता येऊ नये. हे विसरणारे पुष्कळ! पुढे एका आज्ञेसरशी जोडणी उभी राहते.

उभी राहिलेली दिसते, असे म्हणणे अधिक खरे. समोरच्याची किल्ली चुकीची लिहिली गेली असली, तरी वायरगार्ड तक्रार करीत नाही. पलीकडून नुसते मौन. नवशिका येथेच तासन्‌तास अडकतो. हे मौन हेतुपुरस्सर आहे. अनोळखी थापेला उत्तरच दिले नाही, तर येथे दार आहे हेही बाहेरच्याला कळत नाही.

परंतु लखोटा फोडणारे पलीकडचे यंत्र कोणाचे? संकेतस्थळाने स्वतः मजकूर झाकला नसेल, तर त्या यंत्राच्या धन्याला सारे वाचता येते. एप्रिल २०२२ मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांची नावे, पत्ते इत्यादी माहिती ५ वर्षे जपण्याचा आदेश दिला. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपली यंत्रे भारतातून हलवली. म्हणून काहीजण पलीकडचे टोकही आपल्याच घरी ठेवतात. परगावी संगणक उघडून ते आज्ञा देतात आणि शेवटची ओळखभेट किती सेकंदांपूर्वी झाली, ती ओळ पडद्यावर शोधतात. ती ओळ उमटेपर्यंत ते काहीच पाठवत नाहीत.