धुराखालचं पान

दुधाला चुलीचा धूर लागला की मराठी घरात ते धुरकटलं म्हणून बाजूला ठेवतात, आणि त्याच चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतात. धूर एकच, निकाल दोन. याचं कारण धुरात शोधून सापडत नाही, ते दुधात आणि वांग्यात आहे. दुधाची चव मवाळ. त्यातला स्निग्धांश वास पटकन धरतो, पण त्या वासापुढे उभं राहील असं दुधापाशी स्वतःचं काही नसतं. वांग्याची साल करपते, आतला गर आपल्याच पाण्यात शिजतो, आणि सालीतून झिरपत आलेल्या धुराला तिथे गोडवा भेटतो, किंचित कडूपणा भेटतो, पुढे कांदा-मिरची भेटते. धुरी दिलेल्या पाइपच्या तंबाखूची पारख करताना हा स्वयंपाकघरातला न्याय मला फार उपयोगी वाटत आला आहे. या मिश्रणात धूर किती, असं नवशिका विचारतो. पारख्यानं विचारायचं ते हे, की धूर ज्या पानांवर आणून ठेवला आहे ती पानं त्याच्याखाली अजून बोलतात की गुदमरली?

अशा मिश्रणांचा प्राण म्हणजे लटाकिया. नाव सिरियाच्या बंदरावरून पडलं. पान लहान, ओरिएंटल जातीचं. ते आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात टांगून खाली लाकडं-झुडपं मंद धुमसत ठेवतात. हे एका रात्रीचं काम नव्हे. महिनोन्‌महिने धूर खाऊन पान काळंभोर होतं आणि त्यातली मूळची साखर जवळजवळ संपते. सिरियात यासाठी शेक-एल-बिंत नावाचं पान आणि मुख्यतः ओक-पाइनचा धूर वापरत. सायप्रसमध्ये पान स्मिर्ना वाणाचं, आणि धुराला पाइन, सायप्रस, मर्टल यांच्या जोडीला रुमी मस्तकीच्या जातीचं झुडूप. सिरियन लटाकियाला वाइनसारखा आंबूस, रानटी वास, तर सायप्रसच्या लटाकियाला कमावलेल्या चामड्याचा आणि थोडा गोडसर. आता सिरियन माल बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, कारण धुरासाठी जंगल तोडावं लागतं. ज्या जुन्या मिश्रणांच्या पाककृती सिरियन पानावर बेतलेल्या होत्या, त्यांत सायप्रसचं पान तेवढ्याच वजनानं घालून जुनी चव काही परत आली नाही.

यावर कोणी म्हणेल की दोन देशांची झाडंही वेगळी, मग फरक पानाचा कशावरून, लाकडाचा का नाही? शंका रास्त आहे, आणि या एका उदाहरणावर माझं म्हणणं उभं करता येणार नाही. म्हणून दुसरं घेऊ. लटाकिया एकाच पोत्यातली घ्यावी, म्हणजे पान तेच, लाकूड तेच. ती एकदा व्हर्जिनियाच्या जोरावर बांधलेल्या मिश्रणात घालावी आणि एकदा ओरिएंटल पानांच्या जोरावर बांधलेल्या. व्हर्जिनिया गरम हवेच्या कोठारात वाळवतात. भट्टीची उष्णता लोखंडी नळांतून फिरते, धूर पानाला शिवतसुद्धा नाही, म्हणून साखर पानात टिकते. तिच्या सोबतीला बसलेला धूर गुळाच्या काकवीकडे झुकतो. उन्हात वाळलेल्या ओरिएंटलच्या सोबतीला तोच धूर आंबूस, उदबत्तीच्या घरासारखा लागतो. इथे धूर बदललेला नाही, शेजार बदलला आहे. रसायनाच्या बाजूनं पाहिलं तरी हेच दिसतं. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायाकॉल, क्रेसॉल अशी द्रव्यं निघतात, आणि याच घराण्यातली द्रव्यं धुरावलेल्या माशात, पीटच्या धुरात वाळवलेल्या बार्लीच्या स्कॉच व्हिस्कीत आणि पाइनच्या धुरातल्या लापसांग चहात सापडतात. इतक्या वेगवेगळ्या वस्तूंत जे सामाईक आहे, त्यावरून त्यांतल्या एकीची गुणवत्ता कशी ठरवणार?

आपल्या भाषेनं या पारखेची अर्धी तयारी करूनच ठेवली आहे, पण पाइपवर लिहिणारे मराठी लोक ती वापरत नाहीत आणि डब्यावरचे इंग्रजी शब्द उतरवत बसतात, याचं मला नवल वाटतं. खमंग, खरपूस, धुरकट, करपट, जळकट हे पाच शब्द पाच वेगळे निकाल आहेत. थंडीत बडोद्यात पोंक मिळतो, म्हणजे आपला हुरडाच. निखाऱ्यावर भाजलेला तो हिरवा दाणा खरपूस असतो, कारण दाण्यातलं दूध आणि गोडी शाबूत राहून वर धुराची बोटं फिरलेली असतात. जरा जास्त वेळ राहिला की तो जळकट. महाराष्ट्रात दातांना लावायची मिश्री तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून करतात. तिचा वास धुराचाच, पण तो पान स्वतः जळल्याचा वास, म्हणून करपट. लटाकियात पान जळलेलं नसतं, परक्या लाकडाचा धूर त्यानं प्यायलेला असतो. हा भेद नाकाला कळला की एक काम पटकन उरकतं: वरून धुराचा अर्क मारलेलं स्वस्त मिश्रण ओळखू येतं. डबा उघडताच ते अंगावर येतं, आणि पेटवल्यावर थोड्याच झुरक्यांत धूर उडून खाली नुसती गरम वाफ उरते.

खऱ्या मालाची परीक्षा संथ असते. आधी पांढऱ्या बशीत चिमूटभर मिश्रण पसरायचं आणि रंगावरून पानं वेगळी करायची: काळी ती लटाकिया, केशरी-पिवळी व्हर्जिनिया, हिरवट-तपकिरी बारीक ओरिएंटल. प्रत्येक ढीग वेगळा हुंगायचा, लटाकिया सगळ्यात शेवटी, नाहीतर बाकीच्यांचा वास येतच नाही. मग चिमटीत दाबून ओल पाहायची. दाबलेली तंबाखू सोडल्यावर हळूहळू सुटली पाहिजे. गोळा होऊन बसली तर ओली, कुरकुरली तर सुकी. बडोद्याच्या पावसाळ्यात उघडा डबा चार दिवसांत पाणी धरतो, म्हणून पावसाळ्यातला निकाल मी पक्का धरत नाही. पाइप तीन चिमटींत भरायचा, खालची सैल, मधली जरा दाबून, वरची घट्ट. पहिल्या काडीनं वरचा थर फुलून येतो, तो दाबून दुसरी काडी. यानंतरचे झुरके इतके सावकाश घ्यायचे की विस्तव विझतो की काय असं वाटावं. पाइप तापला की जिभेला चटका बसतो आणि मग जीभ कशालाच साक्षीदार राहत नाही. थोडा धूर तोंडातून मागच्या वाटेनं नाकात जाऊ द्यायचा, छातीत नाही. खरी चव तिथेच उमटते.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. कोणताही जोरकस वास सतत आला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडतं. अत्तराच्या दुकानदाराला अत्तराचा वास येत नाही, तसंच. पाइपचा पहिला एक तृतीयांश भाग धुराचा असतो, त्यात कोणतीही लटाकिया छान लागते. मधल्या भागात नाक धुराला सरावतं, आणि त्याच वेळी खालची पानं पुढे येतात किंवा येत नाहीत. चांगल्या मिश्रणात इथे वाळलेल्या गवताची गोडी लागते, ओरिएंटलची चिंचेसारखी आंबट कड लागते, आणि धूर मागे भिंतीसारखा उभा राहतो. वाईट मिश्रणात इथे काहीच नसतं, राख चाखल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात, तंबाखू शेवटी शेवटी बिघडली. ती पहिल्यापासून तशीच होती, धुरानं झाकली होती एवढंच. तळाच्या भागात ओल साचते, तिथला कडूपणा सगळा पानाच्या माथी मारू नये हेही खरं, पण कोरडी भरलेली तंबाखू तळाशीही कडू लागली तर दोष कच्च्या व्हर्जिनियाचा.

बडोद्यात बसून भूमध्य समुद्राकाठच्या पानाबद्दल बोलणं कोणाला उसनं वाटेल. पण हे शहर तंबाखूच्या दारातच आहे. वासदला मही नदी ओलांडली की चरोतर हा तंबाखूचा मुलूख लागतो, आणि त्यातले पेटलाद, भादरण हे भाग गायकवाडी राज्यातलेच होते. तिथलं पान विडीचं. पान पिकल्यावर त्यावर तांबूस-तपकिरी ठिपके उठतात, तेव्हा झाड कापून शेतातच उन्हात वाळवतात. मग खळीत नेऊन चुरतात, चाळण्यांतून काढतात, शिरा वेगळ्या करतात. खळी हा शब्द आपल्या खळ्याचा सख्खा भाऊ. निपाणीच्या वखारीतही थोड्याफार फरकानं हेच चालतं. या मालाला लाकडाची धुरी नाही, वरून वास नाही, म्हणून खळीतला जाणता माणूस न पेटवताच बरंच काही सांगतो. तो चुरा तळहातावर घासतो, हुंगतो, ठिपके पाहतो, तोडताना पानाचा चिवटपणा पाहतो. नागडं पान पारखायची ही रीत, आणि धुराच्या मिश्रणाला हीच आधी लावायला हवी असं मी म्हणतो. लंडनच्या पारख्यांच्या पुस्तकी शब्दांपेक्षा पेटलादच्या तळहातावर माझा जास्त भरवसा आहे. विडीचं पान पाइपात भरा असं मी सुचवत नाही. ते फार तिखट, घशाला धरणारं.

आता आक्षेप. ज्याला धूरच आवडतो त्यानं खालचं पान कशाला शोधावं, असं विचारतात. ज्याला धूरच हवा त्याच्यासाठी पाइनची ढलपी स्वस्त पडेल. लोक तंबाखू मागतात त्या अर्थी त्यांना धुरासोबत आणखी काही हवं असतं. निम्म्याच्या वर लटाकिया घातलेली मिश्रणं बहुधा सपाट लागतात ती याचमुळे. दुसरा आक्षेप नेहमीचा, की आवड ज्याची त्याची. लंडनला ड्यूक स्ट्रीटवर 1907 साली दुकान काढणाऱ्या आल्फ्रेड डनहिलनं हे मानलं होतं. गिऱ्हाइकागणिक मिश्रण करून ते क्रमांकानं वहीत मांडायचं, ही त्या दुकानाची रीत. पण त्याच वहीतला 965 हा क्रमांक पुढे डब्यात भरून जगभर विकला गेला. एका माणसाची आवड हजारोंना पटली याचा अर्थ आवडीच्या खाली काहीतरी सामाईक असतं. त्याहून सरळ तपासणी म्हणजे तीन वाट्यांची. दोन वाट्यांत एकच मिश्रण, तिसरीत व्हर्जिनिया बदललेलं, आणि वेगळी वाटी ओळखायची. नुसत्या अंदाजानं तिनांत एकदा बरोबर येतं. त्याहून पुष्कळ जास्त वेळा येऊ लागलं तर फरक मनाचा नाही, मालाचा आहे. तो आवडावा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड, आणि त्याला पळवाट नाही: जे मारतं त्याची एवढी बारकाईनं पारख कशासाठी? धूर छातीत न घेणाऱ्या पाइपवाल्यालाही ओठ, तोंड, घसा, फुप्फुस यांचे कॅन्सर होतात. पाइपचा धूर अल्कधर्मी असल्यानं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. शिवाय धुरावर वाळवलेल्या पानात लाकडाच्या धुरातली बेंझोपायरीनसारखी द्रव्यंही बसलेली असतात. पारखी म्हणून कोणाला यातून सूट मिळत नाही. मी एवढंच म्हणतो, की धुराची मोहिनी फसवी असते आणि ती उघडी पाडणं हे पारख्याचंच काम आहे. लटाकियामुळे मिश्रण मऊ लागतं, मऊ लागतं म्हणून माणूस ते सौम्य समजतो, आणि खाली जबर निकोटीनचं पान असेल तर डोकं गरगरल्यावरच कळतं. मऊपणा चवीचा गुण आहे, ताकदीचं माप नव्हे, हे निकालपत्रात लिहिलं नाही तर पारख अपुरी. ज्यानं पाइप धरलेला नाही त्यानं तो या लेखामुळे धरू नये. त्याला ही सगळी परीक्षा भरतावर करता येते: एक वांगं विस्तवावर भाजा, दुसरं उकडून त्याला कोळशाची धुरी द्या, आणि दहाव्या घासाला कोणतं अजून वांग्यासारखं लागतं ते पाहा.

जे मिश्रणं बांधतात आणि पारखायला देतात, त्यांना एक विनंती. मिश्रणाच्या पुडीसोबत त्यातलं प्रत्येक पान वेगळ्या पुडीत, न कापलेलं, थोडं थोडं द्या. लटाकिया कुठली ते पुडीवर लिहा. आणि पावसाळा सोडून द्या.